गर्भारपणातील स्ट्रेच मार्क्स: टाळता येतात का, आणि उमटल्यावर उपचार केव्हा करावेत?

निशिगंध यांचा प्रश्न

नमस्कार. मला सध्या एकविसावा आठवडा चालू असून ही माझी पहिलीच खेप आहे. पोटावर अजून एकही रेष उमटलेली नाही. परंतु माझ्या आईच्या आणि थोरल्या बहिणीच्या पोटावर व मांड्यांवर भरपूर स्ट्रेच मार्क्स आहेत, त्यामुळे आपल्यालाही ते येणार असे मी जवळजवळ धरूनच चालले आहे. ओळखीच्या बायकांना विचारले तर प्रत्येकीचे तेल वेगळे, मलम वेगळे, खात्री मात्र सगळ्यांची सारखीच. प्रसूतितज्ज्ञांना विचारले तेव्हा "साधे मॉइश्चरायझर लावा, पुरे" एवढेच सांगण्यात आले. ते बरोबर असेलही, पण असे का, हे समजले तर मनाला पटेल.

एखादे क्रीम किंवा तेल नियमित लावल्याने हे व्रण खरोखर टळतात का? या काळात त्वचेवर काय लावू नये? आणि रेषा उमटल्याच, तर उपचार लगेच सुरू करावेत की बाळंतपणानंतर? याखेरीज, हल्ली पोटाला फार खाज सुटते. खाजवले की रेषा पडतात असे सगळ्याजणी बजावतात, म्हणून मी हात आवरते. पण रात्री ते जमतेच असे नाही.

शुभ्रा (त्वचारोगतज्ज्ञ)

निशिगंध, खाजवल्याने स्ट्रेच मार्क्स पडतात ही समजूत फार पसरलेली आहे, पण तिच्यात तथ्य नाही. नखांनी ओरखडतो तो त्वचेचा वरचा थर, आणि या रेषा पडतात त्या त्याच्या खालच्या जाड थरात. तिथे कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंचे जाळे असते. कोलॅजनमुळे त्वचेला बळकटी येते, तर ताणल्यावर पुन्हा जागेवर येण्याचा गुण इलॅस्टिनचा. गर्भारपणात पोट वाढल्यामुळे हे जाळे ताणले जाते आणि त्याच सुमारास संप्रेरकांच्या बदलांमुळे त्याची पकडही सैल होते. ज्या ठिकाणी ते तुटते तिथे एक प्रकारचा व्रण तयार होतो.

नवी रेष लालसर किंवा जांभळट दिसते, सावळ्या त्वचेवर ती गडद तपकिरीही असते. बोट फिरवले तर किंचित उंचावलेली लागते आणि तिला थोडी खाजही येऊ शकते. पुढे ती हळूहळू फिकट पडते, पृष्ठभागापेक्षा जराशी खचते, आणि दोन्ही बाजूंनी त्वचा चिमटीत जवळ आणली तर चुरगळून सरळ केलेल्या पातळ कागदासारख्या बारीक सुरकुत्या तिच्यावर दिसतात. नवी आणि जुनी रेष यांतला हा फरक लक्षात ठेवा. उपचारांचा सगळा हिशेब त्याच्यावरच अवलंबून आहे.

आता क्रीमविषयी. या विषयावरील चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2012 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात 6 चाचण्या आणि मिळून 800 स्त्रिया होत्या, आणि कोणतेही क्रीम किंवा तेल लावल्याने या रेषा टळतात असे म्हणण्यासारखा भक्कम पुरावा त्यातून मिळाला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल या दोन अतिशय लोकप्रिय गोष्टींची पारख साध्या क्रीमशी किंवा काहीच न लावण्याशी तुलना करून झालेली आहे, आणि दोन्ही निरुपयोगी ठरल्या. मंडूकपर्णीचा अर्क असलेल्या एका क्रीमबद्दल थोडा आशादायक निष्कर्ष आहे, पण तो अभ्यास लहान होता आणि त्या क्रीममध्ये इतरही घटक होते, त्यामुळे श्रेय नेमके कोणाचे हे सांगता येत नाही. कडू बदामाच्या तेलाने मालिश करणाऱ्या गटात रेषा कमी आढळल्या, मात्र तेच तेल नुसते लावणाऱ्या गटात तसा फरक पडला नाही. मग गुण तेलाचा की हाताचा, असा प्रश्न उरतोच. डब्यावरचे "तज्ज्ञांनी तपासलेले" हे शब्द वाचताना एवढेच पाहावे की काय तपासले आहे. बहुतेक वेळा त्याने ॲलर्जी होत नाही एवढेच तपासलेले असते, रेषा टळतात हे नव्हे.

मग रेषा येतात कोणाला? सर्वांत मोठा वाटा घराण्याचा. आई-बहिणीला असतील तर आपल्याला येण्याची शक्यता वाढते, हा तुमचा अंदाज चुकीचा नाही, फक्त ती शक्यता आहे, खात्री नव्हे. कमी वयातले गर्भारपण, आधीचे जास्त वजन, नऊ महिन्यांत झपाट्याने वाढलेले वजन, मोठे बाळ, जुळी किंवा वाढलेले गर्भजल ही बाकीची कारणे. वेगवेगळ्या पाहण्यांत निम्म्यापासून 90 टक्क्यांपर्यंत गर्भवतींना या रेषा आढळल्या आहेत, आणि त्या बहुतांश वेळा चोविसाव्या आठवड्यानंतर दिसू लागतात. म्हणजे ज्यांना येत नाहीत त्याच अल्पसंख्य आहेत.

यातले आपल्या हातात थोडेफार असते ते वजन. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार, गर्भारपणाआधी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 18.5 ते 24.9 असेल तर एकूण वाढ 11.5 ते 16 किलो असावी. आधीच वजन जास्त असणाऱ्यांसाठी ती 7 ते 11.5 किलो. मात्र पोटावर रेषा नकोत म्हणून कोणीही खाणे तोडू नये. हा सौदा कोणत्याही अर्थाने परवडणारा नाही.

काय लावू नये, या प्रश्नाचे उत्तर मी अधिक काळजीपूर्वक देते. रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी संबंधित औषधांच्या वर्गातले काहीही नको: ट्रेटिनॉइन, ॲडापॅलिन, टॅझॅरोटिन, आणि सौंदर्यप्रसाधनांत सर्रास असणारे रेटिनॉलदेखील. या वर्गातली तोंडाने घ्यायची औषधे गर्भाला गंभीर व्यंग निर्माण करतात हे निश्चित ठाऊक आहे. त्वचेवर लावल्यास शरीरात फार थोडा अंश जातो, तरीही निव्वळ दिसण्यासाठी तो धोका पत्करण्याचे कारण नाही. डाग उजळण्यासाठीचे हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्याच प्रमाणात शोषले जाते, म्हणून तेही टाळा. आणि खाजेवरची मलमे घरात पडलेली असतात म्हणून उचलून लावू नका. त्यांतल्या काहींत क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते, जे दीर्घकाळ लावल्याने त्वचा पातळ होते आणि स्वतःच स्ट्रेच मार्क्स निर्माण करते. सौम्य स्टेरॉइड लागलेच तर डॉक्टर ते गर्भारपणातही देतात, परंतु किती आणि किती दिवस हे त्यांनी ठरवायचे.

आरोही

शुभ्रा यांच्याविषयी आदर राखून थोडी वेगळी बाजू मांडते. मी दोन्ही खेपांना रोज रात्री पोटाला तेलाने हलके मालिश करत असे आणि माझ्या पोटावर एकही रेष नाही. माझ्या आईलाही कधी आल्या नाहीत, त्यामुळे मी निश्चिंत राहू शकले असते, पण तरीही नेम सोडला नाही. अभ्यासात काहीही निघो, तेल लावल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटणे थांबायचे आणि झोप लागायची, हा माझा अनुभव आहे, आणि तेवढ्यासाठीही ते लावण्यासारखे आहे असे मला वाटते.

शुभ्रा (त्वचारोगतज्ज्ञ)

आरोही, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. कोरड्या, ताणलेल्या त्वचेला तेल किंवा क्रीम लावले की ओढ आणि खाज दोन्ही कमी होतात, आणि त्यासाठी ते अवश्य लावावे. सुवासिक नसावे, पोटावर जोर देऊन चोळू नये, अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच लावावे, इतकीच पथ्ये. रेषा न येण्याचे कारण मात्र तुम्ही स्वतःच मधल्या वाक्यात सांगून टाकले आहे.

निशिगंध, खाजेविषयी एक गोष्ट विचारायची राहिली. ती फक्त पोटावर आहे, की तळहात आणि तळपायांनाही आहे?

निशिगंध

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. खाज फक्त पोटावर आणि थोडी कमरेपाशी आहे. तळहात-तळपाय ठीक आहेत, पुरळही नाही. आपण हे का विचारलेत, ते सांगाल का? आणि बाळंतपणानंतरच्या उपचारांविषयीही लिहावे. मी बाळाला अंगावर पाजणार आहे, त्यामुळे तोपर्यंत थांबावे लागणार का, आणि थांबल्याने संधी हुकते का, ही शंका आहे.

शुभ्रा (त्वचारोगतज्ज्ञ)

विचारण्याचे कारण असे की गर्भारपणातली सगळीच खाज ताणामुळे नसते. विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपायांना खाज सुटली, ती रात्री वाढू लागली आणि अंगावर पुरळ मात्र नसेल, तर यकृतातून पित्त वाहण्यात अडथळा येत असण्याची शक्यता असते. त्यासोबत लघवी गडद किंवा शौचाचा रंग फिका होऊ शकतो. अशा वेळी रक्तातील पित्ताम्लांची आणि यकृताच्या कार्याची तपासणी करावी लागते, कारण पित्ताम्ले फार वाढल्यास गर्भाला धोका संभवतो. अशी लक्षणे दिसली तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता प्रसूतितज्ज्ञांना कळवा. दुसरा प्रकार निरुपद्रवी, पण हैराण करणारा: शेवटच्या आठवड्यांत पोटावरच्या स्ट्रेच मार्क्समध्येच लाल, खाजरे उंचवटे उठतात, बेंबीभोवतीची जागा बहुधा मोकळी राहते, आणि प्रसूतीनंतर काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतात. तुमचे आताचे वर्णन यांपैकी कशातच बसत नाही, तरी पुढच्या भेटीत सांगून ठेवा.

आता उपचार. रेषा लाल किंवा जांभळी असते तोवर उपचारांना ती अधिक दाद देते. पांढरी झाल्यावर सुधारणा होते, पण कष्टाने. गर्भारपणात कोणताही सक्रिय उपचार सुरू करायचा नाही, कारण औषधांचा धोका आहे आणि पोट वाढत असताना लेसर करण्यातही हशील नाही.

ट्रेटिनॉइनचे 0.1 टक्के क्रीम नव्या रेषांवर 24 आठवडे लावून पाहिल्याचा 1996 मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात रेषांची लांबी सरासरी 14 टक्क्यांनी आणि रुंदी 8 टक्क्यांनी घटली. हे आकडे मुद्दाम सांगते. "रेषा गायब" अशा जाहिरातींपुढे प्रत्यक्ष फायदा किती माफक असतो हे त्यावरून कळेल. स्तनपान चालू असताना मी हे क्रीम देत नाही. बाळाची त्वचा आईच्या पोटाशी आणि छातीशी सतत घासत असते, एवढे कारण मला पुरेसे आहे.

तोपर्यंत संधी हुकते का? काही अंशी, हो. परंतु पुढचे लक्षात घ्या: बहुतेक रेषा काही न करताही वर्षभरात बऱ्याच फिकट होतात, आणि ज्या उरतात त्यांच्यासाठी लेसर व मायक्रोनीडलिंग हे पर्याय त्यानंतरही उपलब्ध असतात. लाल रेषांसाठी रक्तवाहिन्यांवर काम करणारा पल्स्ड डाय लेसर वापरतात; जुन्या, खचलेल्या रेषांसाठी त्वचेवर बारीक ठिपक्यांत काम करणारा फ्रॅक्शनल लेसर किंवा बारीक सुयांनी कोलॅजनची नवी वाढ घडवणारे मायक्रोनीडलिंग. दोन्हींना अनेक बैठका लागतात आणि पोत व रंग यांत सुधारणा होते. त्वचा पूर्ववत मात्र होत नाही. ज्यांच्या बेंबीखालची कातडी फार लोंबते आणि ज्या अन्य कारणांसाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतात, त्यांच्या त्या भागातल्या रेषा कातडीबरोबरच निघून जातात. केवळ रेषांसाठी ती शस्त्रक्रिया कोणी सुचवली तर मी दुसरे मत घ्यायला सांगेन.

वृंदा

लेसरविषयी वाचले म्हणून लिहिते. माझा रंग सावळा आहे. प्रसूतीनंतर दीडेक वर्षाने मी एका ठिकाणी फ्रॅक्शनल लेसर करून घेतले. पहिल्याच बैठकीत संपूर्ण पोटावर उपचार केला गेला, आणि पुढच्या काही आठवड्यांत जिथे जिथे लेसरचे ठिपके पडले तिथे तपकिरी जाळी उमटली. मूळच्या फिकट रेषांपेक्षा ती जास्त नजरेत भरत होती. ती जायला बरेच महिने लागले. सावळ्या त्वचेत असा काळेपणा येण्याची शक्यता अधिक असते हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. उपचारापूर्वी कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या ठिकाणी त्यांनी आधी कमरेच्या बाजूला, कपड्याखाली झाकली जाईल अशा, टिकलीएवढ्या जागेवर कमी तीव्रतेने चाचणी केली, काही आठवडे थांबून डाग येत नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच पुढे गेले. निशिगंध, तुम्ही पुढे लेसरचा विचार केलात तर अशी चाचणी आधी करून देतील का हे पहिल्याच भेटीत विचारा, आणि नाही म्हणाले तर तिथून निघा.

शुभ्रा (त्वचारोगतज्ज्ञ)

वृंदा यांनी सांगितलेली खबरदारी अगदी योग्य आहे. सावळ्या त्वचेसाठी मी अनेकदा लेसरऐवजी मायक्रोनीडलिंगने सुरुवात करते, कारण त्यात काळेपणा उमटण्याची शक्यता तुलनेने कमी असते. तरीही चाचणी तिथेही करावी. निशिगंध, तुम्ही तूर्तास सुवास नसलेले मॉइश्चरायझर लावत राहा, आणि प्रसूतीनंतर साधारण सहा महिन्यांनी रेषा कितपत उरल्या आहेत ते पाहून एकदा दाखवून घ्या. त्या वेळी स्तनपान चालू आहे की नाही, हे आवर्जून सांगा.