प्रायमरीवर बॅकअप रिस्टोअर केला, आता स्टँडबाय जोडला जात नाही

अंत्रुजकर
नमस्कार मंडळी. डेटाबेस पोस्टग्रेस १५ आहे, प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हर फोंड्याला, स्टँडबाय म्हणजे त्याची सतत चालू असलेली नक्कल मडगावला. सोमवारी ११:४० ला कोणीतरी व्हेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारला आणि सगळ्या खातेदारांची शिल्लक एकसारखी झाली, कळलं दोन वाजून गेल्यावर. स्टँडबायवर बघितलं तर तिथेही तेच. मग शनिवारचा बेसबॅकअप (पूर्ण प्रत) आणि वॉल आर्काइव्ह (त्यानंतरच्या बदलांच्या नोंदी) लावून प्रायमरी ११:३९ पर्यंत आणला, काउंटर सुरू झालं. पण स्टँडबाय काही केल्या जोडला जात नाही, लॉगमध्ये म्हणतो की टाइमलाइन २ (रिस्टोअरनंतर प्रायमरीचा सुरू झालेला नवा फाटा) माझ्या रिकव्हरी पॉइंटच्या आधीच फुटलीय. तोच बॅकअप मडगावलाही टाकायचा का? डेटा १८० जीबी, लाइन २० एमबीपीएसची, म्हणजे नुसत्या कॉपीलाच वीस तास, त्यात ह्या पावसात लाइन कधी जाईल नेम नाही. आणि मधल्या अडीच तासांच्या पावत्या कागदावरून परत घालतोय ते वेगळंच.

डिचोलीवाला
मी तर सरळ मडगावची डिरेक्टरी रिकामी करून पीजी_बेसबॅकअप -आर घेतला असता, स्टँडबाय.सिग्नल (हा सर्व्हर स्टँडबाय आहे ही खूण) आणि कनेक्शन तोच लिहून देतो. लाइनचा भरवसा नसेल तर बेसबॅकअप फोंड्यातच एक्स्टर्नल डिस्कवर घे आणि गाडीतून मडगावला ने, वीस तासांपेक्षा ते बरं. तेवढ्यात प्रायमरीने वॉल पुसू नये म्हणून आधी रेप्लिकेशन स्लॉट करून ठेव.

कुडचडे_डीबीए
अरे थांबा, मडगावचं काहीही पुसू नका!! ११:४० ते दोनच्या पावत्या प्रायमरीवर आता नाहीतच, पण स्टँडबायने त्या आधीच घेतल्यात, म्हणजे आज त्या फक्त मडगावला आहेत. अपडेट शिलकेच्या टेबलावर झाला ना, मग पावत्यांचं टेबल शाबूत असणार. स्टँडबाय रीड-ओन्ली असला तरी पीजी_डम्प चालतो, आधी तेवढं टेबल काढून घे. प्रायमरीवर तात्पुरत्या टेबलात घालून मग जुळव, थेट घातलंस तर आज दिलेल्या नव्या नंबरांशी आयडी आपटतील.
ते झालं की पीजी_रिवाइंड बघ. डेटा चेकसम किंवा वॉल_लॉग_हिंट्स यांपैकी एक सेटिंग आधीपासून चालू असेल तरच चालतो. स्टँडबाय नीट शटडाउन करायचा, मग तो फाटा फुटल्यानंतर बदललेले ब्लॉक तेवढेच आणतो, १८० जीबी नाही. एक गोष्ट मात्र विसरू नकोस, डेटा डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलीही प्रायमरीच्या येतात, त्यात ११:३९ चा रिकव्हरी_टार्गेट_टाइम (कुठपर्यंत रिकव्हर करायचं ती वेळ) राहिला असेल तर स्टँडबाय सुरू करण्याआधी काढ, नाहीतर तिथेच थांबेल.

अंत्रुजकर
खूप खूप आभार, मी आज संध्याकाळी मडगावची डिरेक्टरी पुसणारच होतो. डम्प काढला, ६३ पावत्या मिळाल्या, कागदावरच्या दोन तर आमच्याकडून राहूनच गेल्या होत्या, त्याही त्यात सापडल्या. चेकसम चालू होते, रिवाइंड अर्ध्या तासात झाला. टार्गेट टाइम खरंच राहिला होता, तो काढला. आता स्टँडबाय स्ट्रीमिंग दाखवतोय. पण असा अपडेट पुन्हा झाला तर तो स्टँडबायवरही लगेच जाणारच ना, त्याला काय करायचं?

कुडचडे_डीबीए
रिकव्हरी_मिन_अप्लाय_डिले, म्हणजे स्टँडबाय आलेले बदल ठरावीक वेळ थांबूनच लावतो. एक दुसरा स्टँडबाय उभा कर, साधं मशीन चालेल, आणि त्यावर ४ तास लाव. मडगावचा आहे तसाच राहू दे, प्रायमरी पडला तर तो ताजाच हवा.