मंडळ मोडलं, पण गळती कुठे मुरली?

पायरीवरचा

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये स्मार्ट मीटरवरून जुंपली. एक जण म्हणाला, "सगळं खाजगी करून टाका, कटकट मिटेल." दुसरे आजोबा म्हणाले, "मंडळ होतं तेच बरं होतं." दोघंही तावातावानं बोलत होते. मला दोघांचंही पटलं नाही, म्हणून हा धागा.

नव्या पिढीसाठी दोन ओळी. २००३ चा वीज कायदा आला आणि ६ जून २००५ ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या कंपन्या झाल्या: वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या तारांवरून वाहून नेणारी महापारेषण, घरापर्यंत पोचवणारी महावितरण, आणि या तिघींच्या डोक्यावर सूत्रधारी कंपनी. याला आपण सुधारणा म्हणतो. माझ्या मते ती फक्त पाटी बदलणं होतं. दुखणं होतं हिशेबाचं, आणि त्याला कोणी हात लावला नाही.

सत्तरच्या दशकात शेतीपंपाचं बिल मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आलं. पाच एचपीची मोटर, इतके पैसे. मग ती वर्षभर चालो नाहीतर विहीर आटून बंद पडो. तेव्हापासून शेतीला नेमकी किती वीज लागते हे राज्यात छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. आणि जो आकडा कोणाला तपासता येत नाही, त्यात काहीही ढकलता येतं.

ढकललंही गेलं. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि मंडळाला पहिल्यांदाच उघड सुनावणीत लोकांसमोर हिशेब मांडावे लागले. तोवर पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती, म्हणजे वाटेत वाया जाणारी आणि चोरीला जाणारी वीज, तीसच्या वर निघाली. मधली वीज कुठे होती? कागदावर शेतकऱ्याच्या विहिरीत. वीस वर्षांनी पुन्हा तेच. २०२० च्या आदेशात आयोगाने शेतीचा वापर कमी धरला, तशी गळती वाढली. मंडळ असो की कंपनी, चोरी लपवायची जागा तीच.

तर मालक कोण हा वादच गैरलागू आहे, असं माझं म्हणणं. फोडा मला.

तारेवरची कसरत

फोडतो. ३४ वर्षं मंडळात आणि नंतर कंपनीत काढली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. "पाटी बदलली" हे बसून लिहायला सोपं आहे.

पहिली गोष्ट. मंडळ म्हणजे नुसती गळती नव्हे. कोयना प्रकल्पाचं पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर आहे. कोयनेचे सगळे टप्पे धरले तर १९०० मेगावॅटच्या वर क्षमता होते. संध्याकाळी सात वाजता सगळं राज्य एकदम दिवे लावतं, तेव्हा कोयना काही मिनिटांत भार उचलते. कोळशाच्या संचाला ते जमत नाही. त्या काळी ते उभं करणारी माणसं सरकारी पगारावर होती.

दुसरी गोष्ट. खाजगीचा पहिला धडा आपण दाभोळला शिकलो. तिथल्या वीज प्रकल्पासाठी १९९२ साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी बोलणी, १९९३ साली वीज खरेदी करार. वीज घ्या नाहीतर नका घेऊ, स्थिर आकार द्यायचाच, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये सत्तेचाळीसच्या आसपास. त्यात इंधन नाफ्था. युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. प्रकल्प समुद्रात बुडवण्याची घोषणा देत १९९५ ला युतीचं सरकार आलं, करार रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी आणखी मोठ्या प्रकल्पावर सही करून मोकळं झालं. २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं, त्याच डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. लोक म्हणतात मंडळ झोपलं होतं. पण करारात लिहिलेल्या वेळेत संच पूर्ण क्षमतेला जात नाही हे पकडून ४०१ कोटींचा दंड लावला तो मंडळानंच.

आणि तिसरी. या सगळ्या यंत्रणेत आज सर्वात धड चालतं ते पारेषण. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, पश्चिम ग्रीड तरलं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली आणि दक्षिणही देशाच्या ग्रीडमध्ये आली. हे काम सरकारी कंपनीचं. मालक कोण हा वाद गैरलागू कसा?

लूमवाला भिवंडी

साहेब, दाभोळ हा वीज विकत घेण्याचा घोटाळा. खांबावरून घरात वीज देणं हा धंदा वेगळा. दोन्ही एका तागडीत घालू नका.

आमच्याकडे २००७ च्या आधी काय होतं ते मी लूमच्या खाटेवर झोपून पाहिलंय. दिवसातून दहा वेळा लाईट जायची. व्होल्टेज इतकं पडायचं की लूम चालायचा पण धोटा अर्ध्यात अडकायचा, तार तुटायची, कापडात खोट यायची. कारागीर बिडी ओढत बाहेर. गल्लीत वर बघितलं तर वीजचोरीसाठी तारांवर टाकलेल्या आकड्यांचं जाळं, खांब दिसत नव्हता. शंभर युनिट पाठवले की त्यातल्या अठ्ठावन्नच्या आसपास युनिटांचा पैसाच येत नव्हता. जानेवारी २००७ पासून टोरंट या खाजगी कंपनीला फ्रँचायझी, म्हणजे वीज वाटपाचा आणि वसुलीचा ठेका, दिली. तारा बदलल्या, डीपी (ट्रान्सफॉर्मर) वाढवले, मीटर बदलले, आणि काही वर्षांत ते प्रमाण वीसच्या खाली आलं. बिल जास्त येतं, मीटर पळतो, ही ओरड आमच्याकडेही आहे, मोर्चे निघतात. पण लूम चालतो.

मंडळाचे कर्मचारी वाईट होते असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत तार कापायला येणाऱ्या वायरमनला मार पडायचा. त्याच्या मागे उभं राहणारं कोणी नव्हतं.

सातारा रोड

भिवंडीचं गाणं नेहमी ऐकवतात. त्याच मॉडेलवर औरंगाबाद, जळगाव आणि नागपूर शहराचा मोठा भाग दिला होता. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये मोडला. जळगाव परत आलं. नागपूरला मधल्या मधे कंपनी बदलली आणि २०१९ ला तीही हात वर करून गेली. म्हणजे चारात एक पास. त्याला मॉडेल म्हणायचं की योगायोग?

दिल्लीकर वहिनी

मी २५ वर्षं दिल्लीत आहे, म्हणून दोन शब्द. इथे जुलै २००२ मध्ये वितरण खाजगी भागीदारीत गेलं, ५१ टक्के खाजगी, ४९ सरकारचे. तेव्हा निम्म्याहून जास्त वीज हिशेबाबाहेर जायची, आता ते प्रमाण एक आकडी आहे. उन्हाळ्यात इन्व्हर्टरवर काढलेल्या रात्री मी विसरलेले नाही, आता तो इन्व्हर्टर माळ्यावर पडून आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगते. दर वाढवले तर लोक ओरडतात म्हणून वाढवलेच नाहीत, आणि कंपन्यांची येणी वहीत साठत गेली. त्याला गोंडस नाव आहे, नियामक मालमत्ता. आकडा सत्तावीस हजार कोटींच्या आसपास. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही थकबाकी ठरावीक वर्षांत वसूल करा. म्हणजे आमच्याच बिलातून, हळूहळू. तुमच्याकडे तूट विहिरीत लपवतात, आमच्याकडे वहीत.

पायरीवरचा

वहिनी, तुमचं शेवटचं वाक्य मी आता सगळीकडे वापरणार आहे.

लूमवाले, भिवंडीबद्दल मान्य. मी मुद्दाम जरा ताणून लिहिलं होतं. पण बघा ना, भिवंडीत शेतीपंप किती? जवळजवळ नाहीत. प्रत्येक युनिटला मीटर आहे, म्हणून चोरी पकडता आली. तीच कंपनी मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात आणा, जिथे अर्ध्याहून जास्त वीज पंपांना जाते. काय पकडणार?

ओडिशाचंही बघा. देशात वीज सुधारणा पहिल्यांदा त्यांनी केली, १९९६ मध्ये मंडळ मोडलं, १९९९ मध्ये वितरण विकलं. त्याच ऑक्टोबरात महाचक्रीवादळ. २००१ ला एक अमेरिकन कंपनी गाशा गुंडाळून गेली. उरलेल्या तीन कंपन्यांचे परवाने २०१५ मध्ये आयोगाने रद्द केले. पुन्हा विक्री झाली ती २०२० नंतर. पाटी किती वेळा बदलली मोजा.

तारेवरची कसरत

तुमचा मीटरचा हट्ट कळतो. पण मीटर बसवले नाहीत असं नाही. बसवले. एकदा नाही, तीन-तीन योजनांत बसवले. रीडिंग घ्यायला माणूस कुठाय? एका लाईनमनकडे आठ-दहा गावं. बांधाबांधानं फिरून शंभर मीटर वाचायचे म्हणजे दोन दिवस. त्यातले निम्मे जळालेले. मग ऑफिसात बसून मागच्या महिन्याइतकंच टाकायचं. मी टाकलंय. कबूल करतो.

दारं धरणारा

बराच वेळ वाचतोय. तुम्ही सगळे आमच्या विहिरीबद्दल बोलताय, म्हटलं विहिरीवाल्यानं पण लिहावं. नगर जिल्हा, साडेतीन एकर, पाच एचपीची मोटर.

थ्री फेज आठवड्यातून काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की दहाला लाईट येते. गमबूट, बॅटरी, हातात काठी. उसाच्या सरीत दारं धरायला उतरलं की पाठीमागे काय आहे ते कळत नाही. शेजारच्या शिवारात बिबट्यानं मागच्या हिवाळ्यात कुत्रं नेलं. मोबाईलवर मोटर सुरू करायचा डबा आहे, पण पाणी एका दारातून दुसऱ्यात मोबाईल वळवत नाही.

आता तुमचा हिशेब. लाईट कधी येईल भरवसा नाही, म्हणून प्रत्येकानं मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो टाकलाय. लाईट आली की डीपीवरच्या सतरा मोटरी एकदम उठतात. कॅपॅसिटर कोणी बसवत नाही, मी पण नाही. डीपी गरम होतो, तेल गळतं, आणि ऐन उन्हाळ्यात जळतो. मग पाचशे-पाचशे वर्गणी, ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि तो डीपी घेऊन आम्हीच तालुक्याला. नवीन मिळेपर्यंत कांद्याची रोपं मान टाकतात.

मीटर आहे आमच्या डीपीवर. काच फुटलीय. आत पालीनं अंडी घातलीत. वाचा कोणाला वाचायचा असेल तर.

सातारा रोड

पण दादा, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीज फुकट आहे ना? शहरातला माणूस आणि कारखाना तुमचा भार उचलतो. इचलकरंजीचा लूमवाला युनिटला जास्त मोजतो, विदर्भातला कारखानदार शेजारच्या छत्तीसगडच्या दराकडे बघत बसतो. याबद्दल काय?

तारेवरची कसरत

हे पहिल्यांदा नाही. २००४ ला निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंद्यांच्या सरकारनं शेतीला मोफत वीज दिली, निवडणूक झाल्यावर विलासरावांच्या सरकारनं २००५ मध्ये ती काढून घेतली. त्यानंतरची भारनियमनाची वर्षं आठवा, गावाकडे बारा-बारा तास. गळतीप्रमाणे फिडरचे, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनींचे, गट पाडले होते, ए पासून जी पर्यंत. जी मधला गाववाला मला विचारायचा, "साहेब, मी भरतो, शेजारी भरत नाही, अंधार मला का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१२ नंतर सुटलो ते वीजनिर्मिती वाढली म्हणून. तिरोड्याचे ३३०० मेगावॅट खाजगी, भुसावळ-खापरखेड्याचे नवे संच सरकारी. आता २००३ च्या कायद्यानं निर्मिती परवानामुक्त केली नसती तर तिरोडा आलं असतं का, याचा विचार करतो तेव्हा मला माझाच पहिला प्रतिसाद थोडा जड जातो.

दारं धरणारा

सातारा रोड, फुकट नको असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. बिल शून्य आलं तर घरात आनंदच आहे. पण मागच्या महिन्यात डीपीची तक्रार घेऊन गेलो, तर समोरचा म्हणाला, "तुम्ही कुठं बिल भरता?" सोबत आलेला म्हातारा १९९८ पासून हॉर्सपॉवरचं बिल भरत आलेला माणूस. तो काही बोलला नाही, चप्पल घातली आणि बाहेर जाऊन बसला.

आम्हाला दिवसा आठ तास द्या, सौर वाहिनीवरून द्या नाहीतर कुठूनही द्या. मग मीटर लावा, पैसे घ्या. गावात विचारलंत तर निम्मे तरी हो म्हणतील. उरलेले निम्मे मोटर तीन एचपीची लिहून साडेसातची चालवतात, ते नाही म्हणतील. नावं नका विचारू, त्यात आमचे सासरे आहेत.

पायरीवरचा

दादा, तुमचा फिडर कुठल्या सबस्टेशनवर आहे? फिडरचा मीटर सबस्टेशनमध्ये असतो, तो बहुतेक वेळा चालू असतो. कसरतकाका, एका महिन्याचं फिडरचं रीडिंग आणि दादांच्या सतरा मोटरींचे प्रत्यक्ष तास एकत्र लावले तर निदान एका डीपीचा खरा आकडा निघेल का?

तारेवरची कसरत

निघेल, पण फिडरवर एकच डीपी नसतो. सत्तर-ऐंशी असतील. आणि तास कोण लिहिणार, तुम्ही की मी?

दारं धरणारा

मी लिहितो. माझ्या मोटरीचे. बाकी सोळा जणांना विचारतो, पण सासऱ्यांना तुम्ही विचारा.