दारातून आडवी जाणारी लॅन केबल: आई अडखळते, काय करू? मदत हवी आहे

राउटर हॉलमध्ये, माझी कामाची खोली पॅसेजच्या पार टोकाला. वायफाय तिथवर धड पोचत नाही म्हणून राउटर थेट कॉम्प्युटरला जोडणारी २० मीटरची लॅन केबल (कॅट ६ प्रकारची) टाकली. घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही.

भिंतीकडेचं काम झालंय. स्कर्टिंगच्या वर चिकटणारी केसिंग पट्टी लावून केबल आत बसवली. अडलंय ते हॉलच्या दारात. तिथे हातभर केबल उंबऱ्यापाशी उघडी आहे आणि आई रात्री उठली की तिथूनच जाते. ती पाय घासत चालते. परवा तिची चप्पल केबलमध्ये अडकली, चौकट हाताशी होती म्हणून सावरली. तेव्हापासून जरा खुट्ट झालं की मी उठून बसतो.

आधी वर पायपुसणं टाकून पाहिलं होतं. ते सरकतं, शिवाय खालचा उंचवटा दिसत नाही, म्हणजे आणखीच वाईट. त्या केबलवरून बसायची चाकांची खुर्चीही नेली जायची. आता कॉम्प्युटर केबलचा वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दाखवतोय. केबल उचलून पाहिली तर एके जागी चपटी झालीय, वेष्टण पांढुरकं पडलंय.

जमिनीवर बसवायची अर्धगोल पट्टी घ्यावी, की चपटी केबल घेऊन वरून कापडी टेप मारावी? आईच्या पायाला कमीत कमी काय लागेल?

प्रतिसाद: आधी केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की वेग असाच १०० वर येतो.

आणि आई पाय घासत चालत असतील तर दारात काहीच नको, अर्धगोल पट्टीलाही कड असतेच. केबल चौकटीच्या कडेने वर न्या, माथ्यावरून पलीकडे आणि परत खाली. लांबी वाढल्याने वेग कमी होत नाही, १०० मीटरपर्यंत चालतं. कोपऱ्यात मात्र काटकोनात दुमडू नका, अडीच-तीन सेंटिमीटर त्रिज्येचं गोल वळण द्या. विजेच्या वायरीला खेटून समांतर नेऊ नका, ओलांडायचीच तर आडवी ओलांडा. घर सोडताना पट्टी हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोडवा. ओढलीत तर रंगाचे पोपडे निघतील.

धागाकर्ता: चौकटीवरून न्यायचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार! आत्ताच टेप लावून मोजलं, ४ मीटर २० सेंटिमीटर जास्त लागतील. २५ मीटरची नवी केबल घेतो. तोवर रोज झोपण्याआधी दारातली केबल काढून गुंडाळून ठेवणार, आजपासूनच.