अपलिंकचा ग्राफ ११४ एमबीपीएसच्या वर जातच नाही (कॅक्टाय, एसएनएमपी)

केबलगुंता:
नमस्कार मंडळी. कॅक्टायमध्ये (नेटवर्कच्या वापराचे ग्राफ काढणारा प्रोग्राम) दोन स्विच जोडले आहेत, पोलिंग, म्हणजे स्विचला आकडे विचारणं, दर पाच मिनिटांनी. अ‍ॅक्सेस पोर्टांचे ग्राफ बरोबर वाटतात, अडचण आहे ती एक गिगाबिटच्या अपलिंकची, म्हणजे स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टची. रात्री बॅकअप सुरू झाला की स्विचवर लॉगइन करून पाहिलं तर त्या पोर्टवर ७००-८०० एमबीपीएस दिसतात. ग्राफ मात्र ११४ च्या वर सरकायलाच तयार नाही. एकदा ११२, पुढच्या वेळी १३, मग ६०, असा दातेरी. दिवसा वापर कमी असतो तेव्हा आकडे नीट जुळतात.

केबल बदलून पाहिली. पोर्ट १०० वर तर अडकला नाही ना, तेही पाहिलं. १००० फुल डुप्लेक्स आहे. स्विच एसएनएमपी (उपकरणाला त्याचे आकडे विचारायचा प्रोटोकॉल) व्हर्जन १ ने जोडलेत, कारण व्हर्जन २ निवडलं की या स्विचच्या पोर्टांची यादीच येत नाही, डेटा क्वेरीत शून्य ओळी. स्विच ‘अप’ मात्र दिसतो.

एकमिनिट:
पोलिंग एक मिनिटावर आणा. पाच मिनिटांची सरासरी काढली की शिखरं दबतातच.

वॉकवाली:
सरासरीने शिखर दबतं हे खरं, पण बॅकअप तासन्‌तास चालत असेल तर पाच मिनिटांच्या सरासरीतही ७०० दिसायला हवेत. हे प्रकरण वेगळं आहे. केबलगुंता, जुनी केबल खुशाल परत लावा.

११४ हा आकडाच सगळं सांगतोय. तुमचा ग्राफ इफ-इन-ऑक्टेट्स, म्हणजे पोर्टवर आत आलेले बाइट मोजणारा काउंटर, वाचतो. तो काउंटर ३२ बिटांचा आहे, ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की पुन्हा शून्यापासून सुरू. गिगाबिट पोर्ट तुडुंब वाहत असेल तर एक फेरा साधारण ३४ सेकंदांत संपतो आणि तुम्ही विचारायला येता ३०० सेकंदांनी. मधे आठ फेरे होऊन गेले तरी आरआरडीटूलच्या (कॅक्टाय ज्याच्याकडून आकडे साठवून घेतं तो प्रोग्राम) हाती दोनच आकडे असतात, मागचा आणि आत्ताचा. आत्ताचा लहान निघाला तर ते एक फेरा झाला असं धरतं, मोठा निघाला तर एकही नाही. म्हणजे काही झालं तरी एका फेऱ्यापेक्षा जास्त मोजणं शक्यच नाही. फेऱ्याचे बाइट गुणिले ८ भागिले ३०० करा: ११४.५ एमबीपीएस.

दातेरीपणाही त्यातूनच येतो. ७०० मधून ११४.५ जितक्या वेळा जातील तितक्या वेळा वजा करा, उरतात १३. ८०० मधून केलं तर ११३. तुम्ही लिहिलेले आकडे यापेक्षा वेगळे आहेत का पाहा.

एक मिनिटावर आणलंत तर हीच मर्यादा ५७२ वर जाईल. ग्राफ आणखी खरा वाटायला लागेल आणि तरीही खोटाच असेल, म्हणून मला तो उपाय मुळीच पटत नाही.

हवा आहे तो ६४ बिटांचा काउंटर, इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स. एसएनएमपीतला त्याचा पत्ता १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६. आउटसाठी शेवटचा आकडा १०. पण एसएनएमपीच्या पहिल्या व्हर्जनमध्ये ६४ बिटांच्या काउंटरचा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे टेम्प्लेट बदलूनही काही हाती लागणार नाही. मूळ प्रश्न हा, की व्हर्जन २ वर यादी का येत नाही.

कॅक्टायला हात लावायच्या आधी त्याच सर्व्हरवरून हाताने विचारून बघा. स्वतःच्या लॅपटॉपवरून नको. स्विचवरची अ‍ॅक्सेस लिस्ट आणि मधला फायरवॉल सर्व्हरचा पत्ता बघून ठरवतात, तुमचा नाही. आधी व्हर्जन २सी (कॅक्टायमधलं व्हर्जन २ ते हेच) ने नुसता सिस-अपटाइम, म्हणजे स्विच किती वेळ चालू आहे तो आकडा, मागा, १.३.६.१.२.१.१.३.०. मग एसएनएमपीवॉक या कमांडने इफ-एलियास, म्हणजे पोर्टांची वर्णनं. मग तोच कॉलम एसएनएमपीबल्कवॉकने, एकदा १० आणि एकदा ५० ओळी मागून. कुठे अडतं ते इथे लिहा. आणि कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) चुकली तरी स्विच गप्पच बसतो, तेव्हा ‘टाइमआउट’ या शब्दावरून लगेच फायरवॉलवाल्यांशी भांडायला जाऊ नका.

केबलगुंता:
अपटाइम लगेच आला. साधा वॉक सावकाश, पण पूर्ण. बल्कवॉक १० ने ठीक, ५० ने टाइमआउट. आमच्याकडे पोर्टांची वर्णनं लांबलचक आहेत, इमारत-मजला-खोली सगळं त्यात लिहिलंय.

वॉकवाली:
झालं तर मग. साधा वॉक एकेक ओळ मागतो, बल्कवॉक अनेक ओळी एकाच उत्तरात. पन्नास लांब वर्णनं एका उत्तरात कोंबली की ते १५०० बाइटांच्या फ्रेममध्ये मावत नाही, तुकडे होतात, आणि काही फायरवॉल मागचे तुकडे टाकून देतात. खात्री करायची तर सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा. पहिला तुकडा येतोय आणि पुढचे नाहीत असं दिसलं तर फायरवॉल. काहीच येत नसेल तर स्विचच्या फर्मवेअरवरही संशय घ्यावा लागेल. नाहीतर डिव्हाइसच्या पानावर बल्क वॉकचा आकार १० करून पुढे चला. मी तरी तेच केलं असतं.

मग व्हर्जन २ करा, डेटा क्वेरी पुन्हा चालवा आणि ‘६४-बिट काउंटर्स’ लिहिलेला इन-आउट बिट्सचा प्रकार निवडून ग्राफ नव्याने बनवा. आरआरडी फाइल नवीन तयार होईल. जुनी तिच्यात जोडायच्या फंदात पडू नका. बॅकअपच्या रात्रींचे जे फेरे मोजलेच गेले नाहीत, ते कुठल्याच फाइलमध्ये नाहीत.

कुलूपकिल्ली:
२सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग उघडी जाते. सरळ व्हर्जन ३ वर का जात नाही? ६४ बिट तिथेही आहेत.

वॉकवाली:
जायचंच आहे, पण आज नाही. ३ मध्ये यूजर, ऑथ, प्रायव्हसी, इंजिन आयडी (प्रत्येक स्विचची वेगळी ओळख) एवढं सगळं एकदम येतं. त्यात एका स्विचची कॉन्फिग दुसऱ्यावर उतरवताना इंजिन आयडीही तसाच गेला, तर एक चालतो आणि दुसरा ‘टाइम विंडो’च्या नावाने रडतो. १५० सेकंदांची मुभा असते आणि दोघांची घड्याळं निराळी. आकडे आधी खरे होऊ देत. तोवर स्ट्रिंग फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये फक्त पोलिंग सर्व्हरचा पत्ता.

केबलगुंता:
६४ बिट लागले. काल रात्री ७६० ची सपाट रेघ! आता दुसरा स्विच. त्याच्या १० गिगच्या पोर्टवर ग्राफ बरोबर येतोय, पण वापराची टक्केवारी १४० दाखवतो.

वॉकवाली:
पोर्टवर ६ गिगाबिटच्या आसपास वाहतायत ना? टक्केवारी इफ-स्पीडवर, म्हणजे पोर्टच्या वेगाच्या आकड्यावर, काढलीय. तेही खातं ३२ बिटांचं, पण ते फिरत नाही, ४,२९,४९,६७,२९५ वर अडकून राहतं. म्हणजे १० गिगचा पोर्ट त्याच्या लेखी ४.२९ गिगचा. भागाकारात इफ-हाय-स्पीड घ्या, १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१५. तो आकडा मेगाबिटमध्ये येतो, तेव्हा दहा लाखांनी गुणायचं.