घरगुती निवासाला स्वतःची ऑनलाइन बुकिंग यंत्रणा हवी का?

खाडीकाठ
मालवण तालुक्यात आमचं सहा खोल्यांचं घरगुती निवास आहे. मोठ्या बुकिंग संकेतस्थळांवर खोल्या लावल्या आहेत, बाकी फोन आणि व्हॉट्सॲप. दिवाळीच्या सुट्टीआधी स्वतःची बुकिंग यंत्रणा उभी करायचा विचार आहे. घरात याला विरोध आहे, म्हणून इथे मांडतो.

मोठी संकेतस्थळं साधारण 15 ते 25 टक्के कमिशन घेतात. तीन हजारांच्या खोलीतले सहाशे रुपये तिकडे गेले तर मे महिन्यात ते सोसतं. जुलैत दर निम्म्यावर आलेले असताना सोसत नाही. पण मला पैशाहून जास्त टोचतं ते वेगळंच. आमच्याकडे चार दिवस राहून, आईच्या हातचं जेवून गेलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा ॲपवरूनच येतो आणि त्या खेपेलाही कमिशन कापलं जातं. ओळख आमची आणि दलाली त्यांची, हे मला मान्य नाही.

हे माझ्या एकट्याचं गाऱ्हाणं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी रुपयांचा दंड केला. दुसऱ्या संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर खोली कमी दरात विकायची नाही, ही हॉटेलांवर घातलेली अट हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. आपल्या दाराशी काय दर लावायचा हेसुद्धा दुसऱ्याने ठरवायचं?

चाकरमानी_डोंबिवली
मी विरोधात आहे, आणि पाहुणा म्हणून बोलतोय. अनोळखी घराच्या वेबसाइटवर आठ-दहा हजार आगाऊ भरायला माझा हात धजावत नाही. खोट्या रिसॉर्टच्या वेबसाइट, भलत्याच बंगल्याचे फोटो, यूपीआयवर पैसे घेऊन बंद झालेले नंबर, हे सुट्टी आली की पेपरात वाचतोच आपण.

मोठ्या संकेतस्थळावर मला दोन गोष्टी मिळतात. आधी राहून गेलेल्यांची मतं, जी मालकाला पुसता येत नाहीत. आणि वाद झाला तर मध्ये बोलणारं कोणीतरी. दादा, तुम्ही दलाली म्हणता, पण तुमच्या गावाचं नावही न ऐकलेल्या माणसाला तुमच्या अंगणापर्यंत कोण आणतं?

कोड_कोथरूड
मी अशा यंत्रणा बांधतो, तरीही तुम्ही शून्यापासून बांधू नये असं माझं मत आहे. लोक मुखपृष्ठावरच्या फोटोंपासून सुरुवात करतात. सगळी मेहनत असते तारखांच्या नोंदीत.

तुमची एकच खोली आज तीन-चार ठिकाणी विकायला आहे. संकेतस्थळांची कॅलेंडरं आयकॅलच्या (कॅलेंडरं एकमेकांना वाचायला देण्याची ठरीव पद्धत) दुव्याने जुळवता येतात, पण ती लगेच जुळत नाहीत, मध्ये काही तासही जातात. नाताळच्या आठवड्यात तेवढ्या वेळात एक खोली दोघांना जाते. ते टाळायला चॅनल मॅनेजर (सगळ्या ठिकाणच्या तारखा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) लागतो आणि त्याचं शुल्क पावसाळ्यातही भरावं लागतं.

आता तुमच्या स्वतःच्या वेबसाइटचं बघा. पाहुण्याने खोली निवडली आणि तो पैसे भरायला गेला. त्या क्षणी खोली कोणाची? दहा-पंधरा मिनिटं ती त्याच्यासाठी राखावी लागते आणि मुदत संपली की आपोआप मोकळी करावी लागते. त्याचं नेटवर्क गेलं, यूपीआय अडकलं, पैसे मुदत संपल्यावर जमा झाले आणि तोवर खोली दुसऱ्याने घेतली, तर परतावा तुम्ही झोपेत असतानाही गेला पाहिजे. पैसे आले की नाही हे पाहुण्याच्या मोबाइलवर 'यशस्वी' दिसलं यावरून धरायचं नाही. गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीकडून, सर्व्हरला जो थेट निरोप येतो तोच खरा. तो निरोप कधी दोनदाही येतो, तेव्हा बुकिंग दोनदा होता कामा नये. तारखांची टक्कर डेटाबेसमध्येच अडवायची. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये एकमेकांवर येणारे कालावधी नाकारण्याची सोय आहे. 12 तारखेला सकाळी निघणारा आणि 12 लाच दुपारी येणारा यांची टक्कर होत नाही, हेही यंत्रणेला नीट सांगावं लागतं.

हे सगळं करणारं तयार सॉफ्टवेअर भाड्याने मिळतं. ते घ्या आणि आपल्या डोमेनवर (वेबसाइटच्या पत्त्यावर) लावा. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. बनवून देणाऱ्याच्या नावावरचं डोमेन नंतर सोडवून घेताना लोक रडकुंडीला आलेले मी पाहिलेत.

हिशोबनीस
मी बाजूने. कराचा मुद्दा कोणी काढलेला दिसत नाही. सगळ्या धंद्यांची मिळून वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि जीएसटी नोंदणी नाही, अशा निवासाला थेट बुकिंगवर जीएसटी लावायचा नसतो. तीच खोली ई-कॉमर्स संकेतस्थळावरून गेली की जीएसटी कायद्याच्या कलम 9(5) प्रमाणे कर भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर येते आणि तो पाहुण्याच्या बिलात चढतो. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे. म्हणजे मालकाने दर न उतरवताही पाहुण्याला थेट बुकिंग स्वस्त पडतं. डोंबिवलीकरांनी हाही हिशोब मांडावा.

यूपीआयवर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्या धंद्याला पडणारं शुल्क, शून्य आहे. क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी जातो. गेटवे आपलं वेगळं शुल्क लावतो का, ते करारात वाचा. कमिशनच्या तुलनेत हे किरकोळ आहे.

देवबागचो
माका ह्या पटणा नाय. आमचे पावणे फोन करतत. पयलो प्रश्न, 'मासे खंयचे गावतले?' खोलीचा मागसून. धा मिनटा बोललव काय माणूस कळता. धा पोरगे दारू घेवन येवचे आसतीत तर आमी 'खोली नाय' म्हणतो. मशीन पैसे भरतलो तेका खोली देतली. मगे घरातल्या बायकांनी काय करूचा?

सुरंगी
देवबागकर भाऊंचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, आणि तरीही मी यंत्रणेच्या बाजूने आहे. गुहागरला आमचं निवास मी आणि सासूबाई चालवतो. वर सगळे खोल्यांबद्दल बोलताहेत. घरगुती निवासात खरी मर्यादा स्वयंपाकघराची असते. आमच्याकडे एका पंगतीला पंचवीस पानं नीट होतात. त्यापुढे भाकरी गार जाते, आमटी पातळ होते आणि करणारीचे हात भरून येतात. पण पाच खोल्यांत जादा गाद्या घातल्या की सहज पस्तीस माणसं होतात. यंत्रणेने खोल्या मोजल्या आणि जेवणारी तोंडं मोजली नाहीत, तर ती आमच्या उपयोगाची नाही.

म्हणून खाडीकाठ दादा, बनवणाऱ्याला भेटण्याआधी घरातल्या बायकांना बसवून विचारा की पाहुण्याविषयी आदल्या दिवशी काय कळलं तर काम सोपं होईल. मी सांगते आमचं. शाकाहारी किती, मासे खाणारे किती. सोमवार, संकष्टी, श्रावण पाळणारं कोणी आहे का. लहान मुलं किती, कारण त्यांचं कमी तिखटाचं वेगळं काढावं लागतं. मुंबईहून निघून जेवायला पोहोचणार की रात्री अकराला. उकडीचे मोदक हवे असतील तर ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगायचे. आज रात्रीचं बुकिंग दुपारी बारानंतर वेबसाइटवर बंद, पुढे फक्त फोन. आणि गणपतीत खोल्या विकायलाच काढायच्या नाहीत, तेव्हा घरचीच माणसं येतात.

जेवणाचे फोटोही तारखेप्रमाणे बदलले पाहिजेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमईच्या थाळीचा फोटो पाहून आलेल्या माणसाला खाडीचे मासे नाहीतर सुकट वाढली की तो नाराज होतो, आणि त्याची नाराजी रास्त असते.

मोठ्या संकेतस्थळांच्या ठरीव चौकटीत यातलं बहुतेक काही विचारताच येत नाही. कमिशनपेक्षा मला स्वतःची यंत्रणा हवी वाटते ती यासाठी.

खाडीकाठ
सुरंगीताई, पंगतीचा हिशोब माझ्या आराखड्यात नव्हता. तो आता पहिल्या पानावर घेतो.

भाऊंच्या भीतीवर मला मार्ग दिसतो. पैसे भरले की बुकिंग पक्कं, असं ठेवायचंच नाही. पाहुण्याने विनंती पाठवायची, आम्ही फोनवर बोलायचं आणि मग पैशांचा दुवा जायचा. कोथरूडच्या मित्राने सांगितलेली मुदतीची गुंतागुंतही त्याने बरीच कमी होईल.

कोड_कोथरूड
कमी होईल, संपणार नाही. दुवा पाठवल्यापासून पैसे येईपर्यंत खोली राखावी लागेलच. शिवाय रात्री साडेअकराला सहल ठरवणारा माणूस सकाळच्या तुमच्या फोनची वाट पाहत नाही, तो दुसरीकडे पैसे भरून मोकळा होतो. निदान एकदा राहून गेलेल्यांना तरी थेट पक्कं बुकिंग द्या. त्यांची पारख तुम्ही केलेलीच आहे.

आणखी एक. आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं पडून राहतात, ते थांबवा. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. पहिले आकडे झाकलेलं आधार मागा आणि काम झालं की काढून टाका.

चाकरमानी_डोंबिवली
जुन्या पाहुण्यांसाठी थेट, हे मला पटतं. परतीच्या खेपेला मीही थेट येईन, पाच टक्के वाचत असतील तर नक्कीच. पहिल्या खेपेबद्दल माझं मत तेच आहे. मोठ्या संकेतस्थळांवरून खोल्या काढू नका.

आता रद्द करण्याचं सांगा. मे महिन्याच्या शेवटी समुद्र खवळला, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबल्या, स्कुबा बंद झालं. तुमची खोली जागेवर आहे, पण मी ज्यासाठी येणार ते नाही. पैसे परत?

खाडीकाठ
सात दिवस आधी कळवलं तर पूर्ण परत, दोन दिवसांपर्यंत निम्मे, त्यानंतर नाही. मात्र हवामान खात्याने सिंधुदुर्गाला रेड अलर्ट दिला असेल तर काहीही न कापता वर्षभरात कधीची तारीख बदलून मिळेल. होडी बंद राहिली म्हणून परतावा देणं मला झेपणार नाही. पण होडी साधारण कधीपासून बंद होते हे पैसे भरण्याआधी ठळक दिसेल असं लिहीन, अटींच्या तळाशी नाही.

सुरंगी
रेड अलर्टलाच धरा, ऑरेंजला आमच्याकडे बाजारही भरतो. पण तारीख बदलून देताना दराचं काय, तेही आत्ताच लिहा. जुलैच्या दराने भरलेले पैसे नाताळच्या आठवड्यात चालणार का? फरक पाहुण्याने भरायचा असेल तर तो आकडा तारीख निवडतानाच दिसू दे. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद त्या एका गोष्टीवरून झालेत.