स्तनवाढीचं ऑपरेशन: सिलिकॉन आता निर्धास्त आहे का?

गोदाकाठ:
संभाजीनगर-नांदेडात या ऑपरेशनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "सिलिकॉन फुटलं तर?" माझ्या मते ही भीती जुन्या मालाची आहे. 1962 साली ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो यांनी बसवलेल्या पहिल्या इम्प्लांटचं (स्तनात बसवायची सिलिकॉन जेलची पिशवी) कवच जाड होतं. सत्तरच्या दशकात हाताला मऊ लागावं म्हणून कवच आणि जेल दोन्ही पातळ केलं, तिथंच घात झाला. अमेरिकेत 1992 ला बंधनं आली, 2006 ला उठली. आजचं जेल कापलं तरी ओघळत नाही.

पद्धतही सुधारली. स्तनाच्या वरच्या भागाची चिमटी घ्यायची. जाडी 2 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांटचा वरचा भाग छातीच्या स्नायूखाली ठेवायचा, नाहीतर कड दिसते. चीर स्तनाखालच्या घडीत, 4-5 सेंटिमीटर. स्तनाग्राच्या कडेनं चीर घेतली तर दुधाच्या नळ्या कापल्या जातात, त्यातले जंतू इम्प्लांटला चिकटतात, मग भोवतीचा पडदा आवळतो आणि स्तन दगडासारखा लागतो. म्हणून स्तनाग्र पट्टीनं झाकायचं, इम्प्लांट हाताळण्याआधी हातमोजे बदलायचे अन् ते फनेलमधून, कातडीला न लावता आत सरकवायचं.

बालाघाट:
जेल सुधारलं, मान्य. पण "निर्धास्त" म्हणू नका भाऊ. पडदा आवळू नये म्हणूनच खरखरीत कवच आणलं होतं की. त्याच कवचाशी एका लिम्फोमाचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा, संबंध निघाला आणि जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला खरखरीत कवचाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घ्यावे लागले. 2010 ला फ्रान्सच्या पीआयपी कंपनीनं औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं उघड झालं, ते वेगळंच.

आणि घट्ट जेलचं इम्प्लांट फुटलं तर बाईला कळतच नाही. सलाइनचं (मिठाच्या पाण्याचं) फुटलं की स्तन बसतो, लगेच दिसतं. सिलिकॉनला 5-6 वर्षांनी, मग दर 2-3 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. किनवट-पाटोद्याच्या बाईला हा जन्माचा खर्च कोण सांगायलंय?

मांजरा:
मग स्वतःची चरबी का नको? पोट-मांडीची काढायची, गाळायची, बारीक नळीनं धाग्यासारखी पसरायची. एका जागी गोळा सोडला की मधल्या भागाला रक्त पोचत नाही, तो मरतो आणि तेलाची गाठ होते.

गोदाकाठ:
पण त्यातली बरीच चरबी विरते, आणि सडपातळ बाईला काढायची कुठून? बालाघाट यांचा तपासणीचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याचा खर्च आधीच सांगायला हवा. माझा आग्रह गुळगुळीत, गोल इम्प्लांटचा. ते आत फिरलं तरी आकार बिघडत नाही.

बालाघाट:
तेवढ्यावर जमेल आपलं. पण डबीवरचा अनुक्रमांकाचा स्टिकर पेशंटच्या हाती द्या. अन् वर्ष उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली तर नुसत्या अँटिबायोटिकवर घालवू नका. आतलं पाणी सुईनं काढून सीडी-30 (त्या लिम्फोमाची खूण) तपासणीला पाठवा.