अनुभव धागा : ऑस्ट्रेलियातली पाचची प्रश्नमंजुषा, सहाच्या बातम्या आणि आपले आईबाबा

उतरत्या दुपारी इथल्या वाहिन्यांची खरी चुरस लागते. पाच वाजता सेव्हनवर 'द चेस', नाइनवर 'टिपिंग पॉइंट' आणि टेनवर थेट बातम्या. भारतातून आलेले आईबाबा यातलं काय बघतात, त्यांना त्यातून काय मिळालं, ते लिहा. छोटे अनुभवही चालतील.

मेलबर्नहून
२०१२च्या हिवाळ्यात बाबा आले. सव्वापाचला अंधार, बाहेर गार वारा, आम्ही दोघं कामावर. इथले उच्चार त्यांना कळेनात, म्हणून टीव्ही बंदच असायचा. एक दिवस नाइनवर 'मिलियनेअर हॉट सीट' लागलं आणि ते उठूनच बसले, "अगं, हे आपलं करोडपती!" प्रश्न पडद्यावर लिहून येतो, त्यामुळे ऐकू आलं नाही तरी अडत नाही. नियम त्यांनी स्वतःच शोधून काढले. सहा स्पर्धक, एक खुर्ची. उत्तर चुकलं की खुर्ची गेली, वरची रक्कमही गेली; येत नसेल तर प्रश्न मागच्याकडे ढकलायचा. "पास कर, पास कर!" असं ते पडद्याला ओरडून सांगायचे. ब्रॅडमनची सरासरी विचारली तेव्हा ९९.९४ हे स्पर्धकाच्या आधी त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मी दारातून आत येताच पहिली बातमी तीच.

सहा वाजले की त्याच वाहिनीवर बातम्या. रिमोटला हात कोण लावणार? घरी सह्याद्रीच्या सातच्या बातम्या न चुकवणारा माणूस इथे सहाच्या बघायला लागला. दोन महिन्यांत कोणत्या उपनगरात आग लागली, कुठली ट्रेन बंद, हे ते मला सांगायचे.

सिडनीहून
मी जाहिरातीच्या वेळा विकत घेण्याचं काम करते. वरचा तो रिमोटच सगळं ठरवतो. सहाचं बातमीपत्र प्रत्येक मोठ्या शहराचं वेगळं असतं आणि वाहिनीची पत त्यावर ठरते. पाचला आलेला प्रेक्षक सहाला तिथेच राहावा, म्हणून ही धडपड. सेव्हनने २००३पासून चालवलेलं 'डील ऑर नो डील' २०१३मध्ये थांबवलं, 'मिलियन डॉलर मिनिट' आणलं, ते पुरेसं चाललं नाही, मग २०१५मध्ये 'द चेस' आणलं. नाइनने 'हॉट सीट' २००९पासून जवळजवळ पंधरा वर्षं टिकवलं. टेनने सहाच्या लढाईतून बाजूला होऊन १९९२मध्येच बातम्या पाचला आणल्या. मला ती चाल फार शहाणपणाची वाटते.

ॲडलेडहून
रात्रपाळीची नर्स आहे. दुपारी चारला उठते, चहा टाकते, चारच्या बातम्या लावते. बाळंतपणाला सासूबाई आल्या तेव्हा त्यांना बातम्यांत रस नव्हता, पाचच्या 'चेस'मध्ये होता. बाळाला मांडीवर घेऊन त्या चेसरच्या, म्हणजे स्पर्धकांविरुद्ध खेळणाऱ्या तज्ज्ञाच्या, विरोधात बसायच्या. चौघं मिळून एकाला हरवतात, हे त्यांना फार आवडायचं. बाळही घड्याळ वाजलं की मान वळवायचं.

पुण्याहून, लेकीच्या फोनवरून
मी स्वतः आई. २०२४च्या सुरुवातीला गेले तर 'हॉट सीट' बंद होऊन 'टिपिंग पॉइंट' आलं होतं. त्यात एका यंत्रात चकत्या सोडायच्या, त्यांच्या धक्क्याने कडेच्या खाली पडल्या की पैसे. प्रश्न सोपे वाटले, पण चकती कडेला अडकली की जीव खालीवर होतो. यंदा लेक म्हणाली, आई, तिकडे पाच वाजतात तेव्हा पुण्यात दुपारच्या जेवणाची वेळ असते. तरी व्हिडिओ कॉलवर टीव्हीसमोर फोन उभा करून ठेवायला सांगितलाय.